हौशी छायाचित्रण: विषय कसे निवडावेत, तंत्र कुठे वापरावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा किंवा बऱ्यापैकी फोन हातात आहे, फोकस आणि एक्स्पोजर जमायला लागलंय, आणि आता पुढे काय करावं असा प्रश्न पडलाय, अशांसाठी हे पान आहे. आमच्या गटात नव्याने येणारी मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातलं ऊन, पाऊस, सण आणि डोंगर समोर ठेवून लिहिली आहेत. इंटरनेटवरचे बहुतेक धडे दुसऱ्याच हवामानातल्या लोकांनी तयार केलेले असतात आणि ते इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

माझा विषय 'निसर्ग' आहे. एवढं पुरेसं नाही का?

सुरुवातीला पुरतं, पण पुढची वाट त्यातून सापडत नाही. निसर्ग म्हटलं की सिंहगडावरचं धुकंही आलं आणि कुंडीतली गोगलगायही आली. दोन्ही फोटो सुंदर असतील, पण शेजारी ठेवले तर त्यांचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. विषय अरुंद करा. 'झाडं' न घेता 'रस्ता रुंद करताना वाचलेले वड' घ्या. 'बाजार' न घेता 'मंडईत तराजू धरणारे हात' घ्या. 'गणपती' न घेता 'पेणच्या कारखान्यांतल्या, अजून डोळ्यांची आखणी न झालेल्या मूर्ती' घ्या.

पेणचंच उदाहरण पुढे नेतो. विषय एवढा नेमका झाला की बाकीचे निर्णय त्यातूनच निघतात. कारखान्यात उजेड बहुतेक वेळा एका बाजूने, दारातून किंवा ताडपत्रीच्या फटीतून येतो, म्हणजे मूर्तीच्या चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी सावलीत मिळते. मूर्ती रांगेत असतात, त्यामुळे एकच आकार पुन्हा पुन्हा येण्याची लय आयतीच हाती लागते. अ‍ॅपर्चर एफ/२ वर (आकडा लहान म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं) उघडून रांगेतली एकच मूर्ती स्पष्ट ठेवायची, की एफ/८ वर सगळी रांग दाखवायची, हा निर्णय तुम्हाला काय सांगायचंय त्यावर ठरतो. रंग न लागलेल्या पांढऱ्या मूर्तींमुळे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि फोटो राखाडी येतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवायचं. आणि गणेशोत्सवाच्या ऐन तोंडावर कारागीर झोपही न घेता काम करत असतात, तेव्हा त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही.

मग माझा विषय मी शोधू कसा?

दोन गोष्टी पाहा. एक, तिथे तुम्हाला पुन्हा पुन्हा जाता येतं का? हौशी माणसाचा मोठा फायदा म्हणजे त्याच्यामागे कुणाची डेडलाइन नसते. तो एकाच ठिकाणी वर्षभर जाऊ शकतो, आणि पहिल्या फेरीत दिसत नाही ते सातत्याने गेल्यावर दिसतं. लडाखची सहल एकदाच होते, घराजवळचा ओढा मात्र रोजचा असतो. दोन, त्या गोष्टीबद्दल तुम्हाला इतरांपेक्षा थोडं जास्त माहीत आहे का? ज्याच्या घरी ऊस आहे त्याला तोडणीची टोळी कधी येते, पहाटे फडात काय चालतं हे ठाऊक असतं. जी मुलगी रोज महिलांच्या डब्यातून प्रवास करते, तिला त्या डब्यातले मैत्रीचे आणि भांडणाचे सगळे नमुने माहीत असतात.

होमाई व्यारावाला पुढे भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना मात्र त्या आपल्या वर्गमैत्रिणींचेच फोटो काढत होत्या. त्या काळातल्या शहरी तरुणींचं मोकळं वावरणं त्या फोटोंत जसं उतरलंय, तसं बाहेरून आलेल्या कुणाला क्वचितच टिपता आलं असतं.

आधी तंत्र शिकू की आधी विषय ठरवू?

शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) यांचं नातं समजलं की थांबा आणि विषय ठरवा. बाकीचं तंत्र विषय मागेल तसं शिका. 'या महिन्यात लाँग एक्स्पोजर, पुढच्या महिन्यात मॅक्रो' असं करत गेलात तर प्रत्येक तंत्राचा एकेक नमुना जमा होतो आणि वर्षअखेर हाताशी स्वतःचं असं काही राहत नाही.

माझ्याकडे फक्त फोन आहे. चालेल?

चालेल, पण फोनचा स्वभाव ओळखून. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर बदलत नाही आणि सेन्सर छोटा असतो, म्हणून जवळपासपासून लांबपर्यंत सगळंच स्पष्ट येतं. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी सॉफ्टवेअर तयार करतं, आणि केसांच्या कडा, चष्म्याची काडी, कानातले डूल इथे ते बऱ्याचदा चुकतं. तेव्हा धूसरपणाच्या मागे न लागता रेषा, सावल्या, आकार आणि थर असलेले विषय घ्या. फोन त्यात कुठेही कमी पडत नाही.

दोन सवयी लावून घ्या. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायचं, मग बोट खाली सरकवून फोटो थोडा गडद करायचा. फोन आपणहून सगळं उजळ करून ठेवतो, आणि आपल्याकडच्या उन्हात त्याने आकाश पांढरंफटक होतं. दुसरी सवय, फोनमध्ये रॉ फाइलची (प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोची) सोय असेल तर महत्त्वाच्या फोटोंना ती वापरायची.

'गोल्डन अवर', म्हणजे सूर्योदय-सूर्यास्ताजवळचा सोनेरी उजेड, तासभर असतो म्हणतात. आपल्याकडे तो इतक्या पटकन का संपतो?

आपण उष्ण कटिबंधात आहोत म्हणून. मुंबई-पुण्याचा अक्षांश साधारण १८ ते १९ अंश उत्तर आहे. इथे सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ उतरतो, तर लंडनसारख्या ५१ अंशांवरच्या शहरात तो तिरका घसरत जातो. सूर्य क्षितिजापासून ६ अंशांच्या आत असतो तेव्हाचा उजेड सोनेरी धरला, तर मार्च किंवा सप्टेंबरात आपल्याकडे तो जेमतेम पंचवीस मिनिटं टिकतो. लंडनला जूनमध्ये तोच पाऊण तास टिकतो. सूर्यास्तानंतरचा निळा उजेडही आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो.

यातून कामाची रीत बदलते. सूर्यास्ताला पोहोचून जागा शोधू नका. तासभर आधी जा, कॅमेरा न काढता फिरा, दोन किंवा तीन फ्रेम पक्क्या करा. उजेड आला की तेवढ्याच फ्रेम घ्या.

उजेडाची दिशा शिकायला मुंबईचं ओव्हल मैदान फार चांगलं आहे. एका बाजूला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर अशा व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, समोर आर्ट डेको घरांची रांग. या दोन्ही मिळून २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सकाळचं ऊन आर्ट डेकोच्या दर्शनी भागावर पडतं, संध्याकाळचं गॉथिक दगडावर. एकाच जागी उभं राहून दोन वेळांना दोन वेगळी शहरं मिळतात. आर्ट डेकोच्या गोलसर बाल्कन्या आणि आडव्या पट्ट्यांसाठी कोवळं पण थेट ऊन हवं, कारण तिथे सावलीच रेषा आखते.

दुपारी बारा ते तीन काय करायचं? सगळे म्हणतात कॅमेरा ठेवून द्या.

ठेवून देऊ नका. डोक्यावरच्या उन्हात चेहरे वाईट येतात हे खरं, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. पण सावली हाच विषय घेतला तर दुपारसारखी वेळ नाही. एक्स्पोजर उजळ भागासाठी ठेवा, सावल्या पूर्ण काळ्या होऊ द्या. जिन्याच्या पायऱ्या, बसथांब्याचं छत, वाळत घातलेल्या साड्या, पत्र्याच्या भोकांतून जमिनीवर पडलेले उन्हाचे गोल कवडसे. (हे कवडसे गोल असतात कारण प्रत्येक भोक सूर्याची प्रतिमा टाकत असतं. सूर्यग्रहणात झाडाखाली त्याच कवडशांच्या चंद्रकोरी होतात, तो फोटो जरूर घ्या.)

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. हा शून्य सावली दिवस कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. दुसरा दिवस पावसाळ्यात येतो आणि बहुधा ढगांत हरवतो. एखादा खांब, हातपंप किंवा तुळशीवृंदावन निवडा आणि दर महिन्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून त्याचा सावलीसकट फोटो घ्या. बारा फोटो शेजारी लावले की सूर्याचा वर्षभराचा प्रवास दिसतो. खर्च काही नाही, आणि शाळकरी मुलांबरोबर करायला याहून चांगला प्रकल्प मला माहीत नाही.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवावा का?

माझं उत्तर ठाम आहे: महाराष्ट्रात फोटो काढायचे असतील तर पावसाळा सोडायचा नाही. चार महिने आकाश हा एक मोठा, मऊ दिवाच असतो. रंग गडद होतात, रस्ते आरशासारखे होतात, माणसांच्या हालचाली बदलतात.

पाऊस फोटोत दिसत नाही ही नेहमीची तक्रार. थेंब दिसायला दोन गोष्टी लागतात: थेंबांमागून येणारा उजेड आणि त्यामागे गडद पार्श्वभूमी. रस्त्यावरचा दिवा, गाडीचे हेडलाइट किंवा ढगांतून फुटलेलं ऊन थेंबांच्या मागे घ्या, आणि त्याही मागे काळपट झाड किंवा भिंत येऊ द्या. १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरला थेंब गोठतात, १/३० ते १/६० ला त्यांच्या रेघा होतात. मला स्वतःला रेघा जास्त आवडतात, कारण आपल्याकडचा पाऊस खरोखर तसा कोसळतो.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं करायला मिनिटाचं एक्स्पोजर लागत नाही. पाव ते दोन सेकंद पुरतात, त्याहून वाढवलं की पाण्याचा जोर जातो आणि नुसता पांढरा पट्टा उरतो. भर पावसात उजेड कमी असल्याने उजेड अडवणाऱ्या गडद एनडी फिल्टरवाचूनही जमतं. एकच फिल्टर घ्यायचा तर पोलरायझर घ्या. तो ओल्या पानांवरची आणि कातळावरची चमक काढून खरा हिरवा रंग आणि खरा काळा दगड दाखवतो, शिवाय दीड-दोन स्टॉप उजेडही कमी करतो. ट्रायपॉड ओढ्याच्या पात्रात लावू नका. वर कुठेतरी पाऊस झाला की खालचं पाणी काही मिनिटांत चढतं.

धुक्यात मीटर पुन्हा फसतं, एक्स्पोजर पाऊण ते सव्वा स्टॉप वाढवा. धुक्याच्या फोटोला एक तरी गडद, ओळखीचा आकार लागतो: एखादं झाड, छत्री, देवळाचा कळस.

आणि बुरशीची काळजी घ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर लेन्सला बुरशी लागणं अगदी नेहमीचं आहे. कॅमेरा कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवा किंवा बदला. ओला कॅमेरा तसाच बॅगेत बंद करू नका.

पॅनिंग जमत नाही. सगळंच हललेलं येतं.

पॅनिंग म्हणजे पळणाऱ्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे ती स्पष्ट राहते आणि मागचं जग ओढलं जातं. सायकलला १/१५ ते १/३० सेकंद, घोडा किंवा बैलगाड्याला १/३० ते १/६०. फोकस सतत बदलणाऱ्या मोडवर आणि फोटो बर्स्टमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ सलग. पाय आधीच तिथे रोखून ठेवा जिथे फोटो घ्यायचाय, कंबरेतून मागे वळा, गोष्ट येताना तिच्याबरोबर फिरत या आणि शटर दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. बहुतेकांचं तिथेच चुकतं: शटर दाबलं की हात थबकतो.

पार्श्वभूमी कशी आहे यावर निम्मा फोटो अवलंबून असतो. कोऱ्या भिंतीसमोर पॅनिंग केलं तर वेग दिसतच नाही. रंगीबेरंगी गर्दी, झाडी, दुकानांच्या पाट्या मागे असतील तर त्यांच्या रेघा होतात.

वारीतलं गोल रिंगण हे पॅनिंगसाठी फार सुंदर दृश्य आहे. माउलींचा अश्व धावतो तेव्हा मागे पताका, टाळकरी, तुळशी डोक्यावर घेतलेल्या बायका असा सलग रंगीत पट्टा असतो. घोडा गोलात धावत असल्याने त्याचा मार्ग आधी कळतो, म्हणून जागा सकाळीच धरा आणि अश्वाच्या वाटेत पाऊल टाकू नका.

विसर्जन मिरवणुकीतल्या ढोल-ताशासाठी याचाच एक पर्याय करून पाहा. १/१५ सेकंद शटर आणि फ्लॅश 'रिअर कर्टन'वर. एक्स्पोजर संपताना फ्लॅश पडतो, त्यामुळे टिपरूची रेघ मागे राहते आणि वादकाचा हात शेवटच्या क्षणी गोठतो. वादकाच्या डोळ्यांत जवळून फ्लॅश मारू नका, त्याची परवानगी आधीच घेऊन ठेवा.

मुद्दाम कॅमेरा हलवून काढलेले फोटो म्हणजे कला की बिघडलेले फोटो?

हालचाल विषयातून आली असेल तर फोटो टिकतो. कोकण किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत, सरळ उभ्या खोडांच्या ओळी. अर्धा सेकंद शटर ठेवून कॅमेरा वरून खाली हलवला की खोडं रंगाच्या उभ्या फटकाऱ्यांसारखी दिसतात, आणि बनाची उंची साध्या फोटोपेक्षा जास्त जाणवते. समुद्रासाठी आडवी हालचाल, कारण लाटा आडव्या येतात. उगीच गोल गोल फिरवलं तर पाहणाऱ्याला गरगरण्यापलीकडे काही मिळत नाही.

मल्टिपल एक्स्पोजरलाही, म्हणजे एकाच फ्रेमवर दोन फोटो घेण्यालाही, हाच नियम. पहिल्या फोटोतला काळा भाग दुसऱ्या फोटोला जागा देतो. पांढऱ्या आकाशासमोर आजीच्या चेहऱ्याची काळी आकृती घ्या, त्यावर तिच्याच परसातल्या जास्वंदीचा फोटो घ्या. जास्वंद चेहऱ्याच्या आत उमटते, आकाश पांढरंच राहतं. झाड तिचंच आहे म्हणून त्या फोटोला अर्थ आहे.

ताऱ्यांचे फोटो आपल्याकडून चांगले येतात का?

येतात, आणि काही बाबतींत युरोपपेक्षा चांगले. आकाशगंगेचा केंद्राकडचा तेजस्वी भाग दक्षिणेला असतो. महाराष्ट्रातून तो क्षितिजावर ४० अंशांहून जास्त वर येतो, लंडनहून जेमतेम १० अंश. अडचण वेळेची आहे. तो रात्रभर दिसतो ते महिने आपल्या पावसाळ्याचे. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे आणि एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर, अमावास्येच्या आसपास बाहेर पडा.

तारे ठिपक्यांसारखे हवे असतील तर ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागा. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २० मिमी लेन्सला २५ सेकंद येतात. त्याहून लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर असेल तर तो आकडा पुन्हा १.५ ने भागा. हा ढोबळ नियम आहे, आजच्या सेन्सरवर त्याहून थोडं कमीच ठेवलेलं बरं.

तारामार्ग, म्हणजे ताऱ्यांच्या वळणदार रेघा, हव्या असतील तर तीस-तीस सेकंदांचे फोटो सलग घ्या आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये जोडा. आकाश तासाला १५ अंश फिरतं, त्यामुळे चांगली लांब कमान हवी तर दोन तास तरी बसावं लागतं. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून १८-१९ अंशांवरच असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या जवळजवळ दोन मुठींएवढा. त्यामुळे हिमालयातल्या फोटोंसारखी मोठी पूर्ण वर्तुळं इथे मिळत नाहीत, पण उत्तरेकडे बुरूज, दीपमाळ किंवा एकटं झाड ठेवलं तर वर्तुळांचं केंद्र नेमकं त्याच्या माथ्यावर आणता येतं. गडावर रात्री थांबायला परवानगी आहे का, हे निघण्याआधी विचारा.

काजव्यांचे फोटो कसे काढतात?

आधी काढावेत का, ते बोलू. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात. तो लखलखाट म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं. टॉर्च, हेडलाइट, फ्लॅश, फोनचा पडदा यांनी ते बोलावणं बुडतं, आणि प्रौढ काजव्याकडे जोडीदार शोधायला मोजकेच दिवस असतात. ज्या झाडापाशी गर्दी आणि दिवे आहेत तिथे कॅमेरा काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शांत जागा मिळाली तर संधिप्रकाश असतानाच ट्रायपॉड लावा, परिसराचा एक फोटो घ्या, आणि मग कॅमेरा जराही न हलवता अंधारात एफ/२.८, आयएसओ १६०० च्या आसपास, १५ ते ३० सेकंदांचे फोटो घेत राहा. ते नंतर 'लाइटन' पद्धतीने (प्रत्येक जागचा सर्वांत उजळ भाग ठेवून) एकावर एक ठेवले की झाड उजळतं. असा फोटो दाखवताना तो अनेक फोटो जोडून केलाय हे सांगा. नाहीतर पाहणारा तसंच झाड बघायला येतो, निराश होतो आणि टॉर्च मारतो.

घराबाहेर पडणं शक्य नाही. घरात काय करता येईल?

एक खिडकी पुरते. वस्तू खिडकीजवळ ठेवली की उजेड आणि सावलीतला फरक तीव्र होतो, आत सरकवली की मवाळ होतो. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की ती बाजू हवी तेवढी उजळते. चहाची वाफ, फोडणीचा धूर, उदबत्ती यांच्यामागून उजेड येऊ द्या आणि त्यामागे काहीतरी गडद ठेवा. स्टीलच्या भांड्यांत सगळं घर आणि तुम्हीही दिसता, म्हणून खिडकीवर पातळ पांढरा पंचा टांगा, म्हणजे भांड्यावर एकसंध पांढरी झळाळी येते. मांडणीवरच्या डब्यांत उमटलेली घरातल्या माणसांची प्रतिबिंबं, एवढ्या एका विषयावर सुंदर मालिका होऊ शकते.

कॅमेऱ्याशिवाय फोटो काढता येतो का?

येतो. सायनोटाइप, म्हणजे उन्हाने कागदावर निळा छाप उमटवण्याची पद्धत, करून पाहा. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशैवालांच्या छापांसाठी ती वापरायला घेतली. इमारतींचे निळे नकाशेही पुढे याच पद्धतीने निघत.

फेरिक अमोनियम सायट्रेटचं २५ टक्के आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचं १० टक्के द्रावण वेगवेगळं करा, वापरायच्या वेळी समप्रमाणात मिसळा, मंद पिवळ्या बल्बखाली जाड ड्रॉइंग पेपरवर ब्रशने लावा आणि अंधारात वाळू द्या. त्यावर पिंपळाचं जाळीदार पान किंवा पारदर्शक शीटवर छापलेली निगेटिव्ह ठेवून वर काच ठेवा. आपल्याकडच्या कडक उन्हात काही मिनिटांत कागद हिरवट-पिवळ्याचा करडा होतो. मग साध्या पाण्यात पिवळा रंग जाईपर्यंत धुवा, निळा रंग वाळताना आणखी गडद होतो. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, रसायनांत आम्ल मिसळू नका. धुताना साबण किंवा सोडा लावला तर निळा रंग विटतो.

फोटो कृष्णधवल कधी करावा?

रंग काही सांगत नसेल किंवा लक्ष दुसरीकडे ओढत असेल तेव्हा. वेरूळच्या काळ्या बेसाल्टवर बाजूने येणारा उजेड, वारकऱ्याचा पांढरा सदरा आणि उन्हाने रापलेला चेहरा, हे कृष्णधवलचे विषय. जेजुरीत उधळलेला भंडारा कृष्णधवल केला तर विषयच नाहीसा होतो. काळ्या दगडावर मीटर फोटो नको इतका उजळ करतं, तिथे एक्स्पोजर कमी करा. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, आणि संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते.

जेजुरीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक: कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळा, तिथे लेन्स बदलू नका, आणि हळद बसलीच तर पुसू नका, ब्लोअरने उडवा.

अनोळखी माणसांचे फोटो काढायला संकोच वाटतो.

संकोच वाटतो ही चांगली गोष्ट आहे. आधी बोला. वारीत "माउली, फोटो काढू का?" एवढं विचारलं तरी बहुतेक जण हसून हो म्हणतात. नाही म्हटलं तर नमस्कार करून पुढे जायचं. आंघोळ करणाऱ्या बायका, थकून झोपलेली माणसं, रडणारी मुलं यांचे फोटो मी काढत नाही आणि गटातल्या कुणी काढावेत असंही मला वाटत नाही. त्यांनी आपल्याला ते दाखवायला बोलावलेलं नसतं. शक्य असेल तिथे प्रिंट नेऊन द्या. मंडईतल्या एखाद्या मावशींना त्यांचा फोटो दिला की पुढच्या वेळी त्या स्वतःहून चांगल्या उजेडात बसतात.

एडिटिंग किती करावं?

उजेड, रंग, कडा कापणं, धूळ काढणं हे सगळं डार्करूमच्या काळापासून चालत आलंय. नसलेला चंद्र आणून लावणं, असलेला माणूस पुसणं हे चित्र म्हणून करा आणि तसं सांगा. सह्याद्रीच्या हिरव्या रंगाबद्दल मात्र हात आखडा. जुलैतला खरा हिरवा आधीच इतका भरलेला असतो की सॅच्युरेशन जरा वाढवलं तरी तो प्लास्टिकचा दिसतो.

स्पर्धांत भाग घ्यावा का?

घ्या, पण स्पर्धेसाठी विषय बदलू नका. नियमावलीत फोटोचे हक्क आयोजकांकडे जातात का, ते वाचा. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार साधारणपणे फोटो काढणाऱ्याकडेच पहिला हक्क असतो आणि तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोंचा, उदाहरणार्थ लग्नाच्या, हक्क वेगळा करार नसेल तर काम देणाऱ्याकडे जातो.

हौशी माणसाच्या कामाला किंमत असते का?

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच सुरू झाली, छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पिढीतले, पेशाने डॉक्टर आणि फोटो काढणारे. त्या काळच्या मुंबईतली माणसं आज आपल्याला दिसतात त्याचं बरंचसं श्रेय अशा लोकांना जातं. तुमच्या गल्लीतला पिठाची गिरणीवाला, बंद पडत चाललेलं एकपडदा थिएटर, गावचा आठवडी बाजार यांचे फोटो पन्नास वर्षांनी कुणाला लागणार असतील, तर ते तुमच्याकडूनच मिळतील. व्यावसायिक छायाचित्रकाराला तिकडे कुणी पाठवत नाही.

मालिका कशी निवडायची आणि जपायची?

सगळे फोटो पोस्टकार्ड आकारात, साध्या लॅबमध्ये छापून घ्या आणि जमिनीवर पसरा. पडद्यावर एकेक फोटो सुटा दिसतो, जमिनीवर त्यांचं नातं दिसतं. एकच गोष्ट सांगणारे दोन असतील तर एक काढा, तो कितीही कष्टाने मिळाला असला तरी. दहा ते पंधरा उरले की क्रम लावा. पहिला फोटो जागा ओळखीची करून देणारा असावा, मधे माणसं आणि जवळून घेतलेले तपशील यांची अदलाबदल असावी. हे काम एकट्याने करू नका. ज्याला फोटोग्राफीतलं काही कळत नाही अशा घरच्या माणसाला बोलवा आणि तो कुठे थांबतो ते बघा.

फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक घराबाहेर. प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने तारीख, ठिकाण आणि फोटोतल्या माणसांची नावं लिहा. बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो.